साडेसहाची शर्यत आणि टायरचा घोर

युरोपातल्या बहुतेक उन्हाळी फॉर्म्युला वन शर्यतींत पाच लाल दिवे विझतात, तेव्हा तिथे दुपारचे तीन वाजलेले असतात आणि उज्जैनमध्ये संध्याकाळचे साडेसहा. फ्रीगंजमधल्या टावर चौकात चाट-पाणीपुरीच्या गाड्यांभोवती गर्दी जमायची हीच वेळ! शर्यतीच्या शौकिनाला याहून चांगला मुहूर्त कुठे मिळणार? पण खरा शौकीन रविवारची वाट बघत बसत नाही. त्याची हुरहुर शुक्रवारीच सुरू होते आणि त्या हुरहुरीत अर्धा वाटा टायरचा असतो. इंजिन कितीही दणकट असो, ड्रायव्हर कितीही निष्णात असो, गाडी रस्त्याला टेकते ती चार टायरांच्या जेमतेम चार तुकड्यांवर. म्हणूनच माझ्या मते या खेळातलं सगळ्यात रंगतदार पात्र टायर आहे.

रंग ओळखा, शर्यत कळेल

टायरच्या कडेवरचा रंगीत पट्टा बघायचा. पांढरा म्हणजे हार्ड, पिवळा मीडियम, लाल सॉफ्ट. हिरवा ओलसर रस्त्यासाठी, निळा धो-धो पावसासाठी. लाल टायर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. पांढरा टिकतो, पण तापायला वेळ घेतो. नेहमीच्या वीकेंडला प्रत्येक ड्रायव्हरला कोरड्या टायरांचे १३ संच मिळतात आणि कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकार वापरावेच लागतात. कोणता कधी चढवायचा, यावर संघातले इंजिनिअर तीन दिवस डोकं खाजवतात.

दुखणी मुख्यतः तीन. रबर सरळ झिजतं, हे पहिलं. दुसऱ्यात पृष्ठभागावरचं रबर कणाकणानं सुटून तिथेच चिकटतं आणि पकड जाते. तिसरं सर्वांत वाईट: टायर आतून इतका तापतो की त्यावर फोड येतात. थंड टायरही नकोच, म्हणून शर्यतीआधी त्यांना विजेच्या पांघरुणात गुंडाळून ७० अंशांपर्यंत ऊब देतात.

टायर रुसले आणि भारताला गुण मिळाले

ही गोष्ट प्रत्येक भारतीय चाहत्याला तोंडपाठ असायला हवी. १९ जून २००५, इंडियानापोलिस, अमेरिका. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरचा मिशेलिन टायर शेवटच्या, बाहेरून उंच बांधलेल्या वळणावर फुटला आणि गाडी भिंतीवर आदळली. तपासणीनंतर मिशेलिननंच सांगितलं, की त्या वळणावर या वेगानं आमचे टायर पूर्ण शर्यत टिकतील याची हमी देता येत नाही. त्या मोसमात शर्यतीच्या मध्ये टायर बदलायलाही मनाई होती. वळणाआधी वेग कमी करणारा अडथळा घालावा, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही.

रविवारी २० गाड्या निघाल्या. पहिल्या संथ फेरीनंतर मिशेलिनवरच्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये वळल्या आणि परतल्याच नाहीत. ब्रिजस्टोनवरच्या उरलेल्या सहा गाड्या शर्यत खेळल्या. प्रेक्षक संतापले, ट्रॅकवर बाटल्या पडल्या. त्या सहांत जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. भारतीय ड्रायव्हरनं फॉर्म्युला वनमध्ये आजवर मिळवलेले गुण एवढेच. कुणी म्हणेल, आयते मिळाले. मला ते पटत नाही. जो टायर मिळाला त्यावर त्यानं गाडी शेवटपर्यंत नेली, आणि या खेळात गुण त्याचेच दिले जातात.

नोएडातला १५ फेऱ्यांचा सल्ला

२७ ऑक्टोबर २०१३. ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किलोमीटरच्या ६० फेऱ्या. सरावातच सॉफ्ट टायरवर फोड दिसू लागले. टायर पुरवणाऱ्या पिरेलीनं संघांना सल्ला दिला, की सॉफ्टवर १५ आणि मीडियमवर ३५ फेऱ्यांच्या पुढे जाऊ नका. सेबास्टियन फेटेल सगळ्यांत पुढून सुटला, तोही याच सॉफ्टवर. आघाडी घेतली आणि दुसऱ्याच फेरीअखेर पिटमध्ये येऊन ते टायर काढून टाकले! गाडी थेट १७व्या क्रमांकावर गेली. तिथून एकेकाला मागे टाकत तो जवळपास ३० सेकंदांच्या फरकानं जिंकला आणि सलग चौथ्यांदा विश्वविजेता झाला. मग प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवून धुराचे लोट उठवले, त्यासाठी संघाला २५ हजार युरो दंड बसला. दिल्लीकरांनी डोळ्यांत साठवलेलं ते दृश्य त्या दंडाहून फार मोलाचं होतं.

त्याच दिवशी रोमाँ ग्रोजाँ १७व्या जागेवरून सुटून तिसरा आला, केवळ एकदा टायर बदलून. सगळे टायरच्या चिंतेत असताना त्यानं ते गोंजारत नेले. माझ्या लेखी दिवसाचा मानकरी तोच.

भारतातली फॉर्म्युला वन त्या दिवशी थांबली, ती आजपर्यंत परतलेली नाही. २०११, २०१२ आणि २०१३, तिन्ही वर्षं फेटेलच जिंकला.

दोन चाकांचीही तीच काळजी

२०१३ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या फिलिप आयलंडवर मोटोजीपीच्या मागच्या टायरनं दगा द्यायला सुरुवात केली. शर्यत १९ फेऱ्यांवर आणली आणि एका टायरवर जास्तीत जास्त १० फेऱ्या, असा नियम झाला. मार्क मार्केझ एक फेरी उशिरा पिटमध्ये आला आणि बाद झाला. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मोटोजीपी बुद्ध सर्किटवर आली. तिथे उकाड्यामुळे फेऱ्या कमी कराव्या लागल्या. जिंकला मार्को बेझेकी.

उज्जैनपासून शंभर किलोमीटरच्या आत

आता आपल्या माळव्यात या. टावर चौकातून इंदूरमार्गे पीथमपूरला गेलात, की तिथे नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचणीचं केंद्र आहे. त्याचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आशियातला सर्वांत लांब. २९ जून २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं ते तेव्हाचे केंद्रीय मंत्री, आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते. ट्रॅक १६ मीटर रुंद, चार मार्गिकांचा. वळणांना बाहेरून अशी उंची दिलीय, की ताशी २५० किलोमीटरलाही स्टिअरिंगशी झगडावं लागत नाही. पण टायरला तिथे सुख नाही. कडेला ओढणारा जोर संपतो, तरी गाडी खाली दाबली जाते आणि तो भार टायरच सोसतो. इंडियानापोलिसच्या वळणावर टायर असेच पिचले होते.

हा चाचणीचा ट्रॅक आहे, इथे तिकीट काढून शर्यत बघता येत नाही. तरी ब्रेक, आवाज, ओल्या पृष्ठभागावरची पकड असं सगळं तिथे तपासलं जातं, याचा माळवेकराला अभिमान वाटायलाच हवा. वेगाची हौस इथे जुनीच आहे म्हणा. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजेवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास दोन आसनी गाडी बांधून घेतली होती.

पटापट

मुंबईच्या महिंद्राचा संघ फॉर्म्युला ई मध्ये पहिल्या मोसमापासून आहे. तिथले टायर खाचांचे, ऊन असो की पाऊस, सारखेच.

फॉर्म्युला टूमध्ये शर्यत जिंकणारा पहिला भारतीय मुंबईचा जेहान दारूवाला. साल २०२०. पुण्याची डायना पंडोले २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंग अजिंक्यपद जिंकणारी पहिली महिला ठरली.

चारही टायर बदलायला सर्वांत कमी वेळ १.८० सेकंद. मॅक्लारेन, कतार, २०२३.

पिरेलीचा निळ्या पट्ट्याचा टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. एकटा एक टायर!

शर्यत संपल्यावर ड्रायव्हर मुद्दाम ट्रॅकच्या कडेनं जातात. तिथे पडलेले रबराचे गोळे टायरला चिकटतात आणि वजनकाट्यावर गाडी थोडी जड भरते.

शर्यतीचा कोरड्या रस्त्यावरचा टायर अगदी गुळगुळीत असतो. आपल्या कारच्या टायरला मात्र कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर खोल खाचा लागतात. खाचांच्या तळाशी उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की बदलायचा.

शुक्रवारी काय बघाल?

युरोपातली शर्यत असेल, तर शुक्रवारचा दुसरा सराव आपल्याकडे बहुधा रात्री साडेआठला सुरू होतो. पहिल्या अर्ध्या तासातल्या सर्वांत वेगवान फेरीवर भुलू नका. नंतर संघ टाकी भरून सलग फेऱ्या मारतात, त्या वेळा कागदावर टिपा. ज्याची वेळ फेरीगणिक वाढत जाते, त्याचे टायर रविवारी रडवणार. ज्याची वेळ स्थिर राहते, त्याच्यावर नजर ठेवा, मग तो शुक्रवारी आठवा असला तरी चालेल.