परवान्याचे राज्य

आयात-परवाना म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकाला सांगूनही पटायचे नाही. पण एके काळी बाजारात मालापेक्षा या कागदालाच भाव अधिक होता! दुसऱ्या महायुद्धात जहाजांतील जागा आणि परकीय चलन अपुरे पडू लागले, म्हणून इंग्रज सरकारने १९४० साली आयातीवर निर्बंध घातले. युद्ध संपले, निर्बंध राहिले. १९४७ साली त्यांचा स्वतंत्र कायदाच झाला. कोणते यंत्र यावे, किती यावे आणि कोणासाठी यावे, हे वाणिज्य खात्याची सही ठरवू लागली.

या पद्धतीला मी सरसकट दोष देणार नाही. गंगाजळी तुटपुंजी असताना चैनीच्या मालाला अटकाव हवाच होता. पण तुटवड्यासाठी उभारलेली व्यवस्था पुढे तुटवड्यावरच पोसली गेली. १९९१ साली देशाचे सोने गहाण पडले, तेव्हा कुठे तिची पकड सैल झाली. १९९२ च्या नव्या कायद्याच्या नावातून ‘नियंत्रण’ जाऊन ‘विकास व नियमन’ आले. उरलीसुरली बहुतेक संख्याबंधने १ एप्रिल २००१ रोजी उठली.

दारावर पहारा असावाच. मात्र पहारेकऱ्याने घरच आपले मानू नये, एवढेच या साठ वर्षांचे सार मला दिसते.