नळीतला गर्भ आणि पुढचं बाळ

बीजवाहक नळीत गर्भ राहिला आणि ऑपरेशन करून नळी काढावी लागली, की घरातल्या थोरल्या बायका आधी एकच गोष्ट विचारतात: पुढचं मूल धडधाकट होईल ना? होईल. अशा गर्भधारणेचा पुढच्या बाळाच्या प्रकृतीवर थेट परिणाम होत नाही, आणि एक नळी चांगली असेल तरी दिवस राहतात. जपायचं असतं ते आईला, अगदी पहिल्या आठवड्यांपासून.

गर्भ मुळात नळीतच तयार होतो. तिथल्या सूक्ष्म केसांच्या हालचालीवर तो तीन-चार दिवसांत गर्भपिशवीत उतरतो. जंतुसंसर्गानं, क्षयानं किंवा आधीच्या शस्त्रक्रियेनं नळी खराब झाली असेल तर तो वाटेत अडकतो. शंभर गर्भधारणांत एक-दोनदा असं घडतं. पिशवी बाळाबरोबर वाढते, नळी वाढू शकत नाही. मग ती साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात फुटते. रक्त पोटात साठतं, बाहेर मात्र जरासा डाग दिसतो. काहींचा खांदाही दुखतो, कारण आत साठलेल्या रक्तानं श्वासपटलाची नस चाळवली जाते.

नळीतून निसटलेला गर्भ पोटाच्या पोकळीत वाढल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. अशी मुलं क्वचितच जिवंत जन्मतात. भोवती गर्भजल पुरेसं नसल्यानं त्यांची फुप्फुसं अपुरी राहू शकतात, हातपाय आणि चेहरा दाबला जाऊन वाकडा होऊ शकतो. २०१४ मध्ये नागपूरच्या एन. के. पी. साळवे वैद्यकीय संस्थेत साठीच्या एका बाईच्या पोटातून गर्भाचा सांगाडा काढण्यात आला. तो गर्भ १९७८चा होता. ऑपरेशनच्या भीतीनं ती तेव्हा उपचार सोडून गेली होती.

इंदापूरजवळच्या निमगाव केतकीसारख्या गावात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईची. आता दिवस जाणारच नाहीत, असं ती धरून चालते. पाळी चुकली तर वय झालं म्हणते, पोट दुखलं तर उसाच्या कामावर ढकलते. हे ऑपरेशन क्वचितच फसतं. पण फसलं तर अशा गर्भधारणांपैकी सुमारे एकतृतीयांश नळीत असल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं. दुसरा धोका दुकानातून आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांचा. त्या पिशवीतल्या गर्भावर चालतात, नळीतल्या गर्भावर नाही. रक्तस्राव झाला म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि गर्भ नळीत तसाच वाढत राहतो.

लवकर कळलं तर मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागू शकतं. हे औषध फॉलिक ॲसिडचं काम रोखतं, आणि बाळाचा मेंदू व मणका घडायला फॉलिक ॲसिड लागतंच. म्हणून इंजेक्शननंतर किमान तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत आणि डॉक्टर सांगतील तेव्हा फॉलिक ॲसिड सुरू करायचं. पुढच्या बाळाच्या तब्येतीचा संबंध येतो तो इथं. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शनही विसरायचं नाही, नाहीतर पुढच्या बाळाला कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. एकदा नळीत गर्भ राहिलेल्या शंभर बायकांपैकी दहाएक जणींना ते पुन्हा होतं. त्यामुळे पुढच्या वेळी सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे ना, हे पाहावं.

तुकोबांची पालखी निमगाव केतकीहून इंदापूरला पायी एका दिवसात पोचते. फुटलेल्या नळीला एवढी सवड नसते. आशाताईंकडे लघवी तपासायचं ‘निश्चय’ किट असतं. पाळी चुकली की, ऑपरेशन झालेलं असलं तरी, ते मागून घ्या. तपासणीत दिवस गेल्याचं दिसलं आणि एका बाजूला पोट दुखत असेल, चक्कर येत असेल, तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन करा.