चेंडू मागे, खेळ पुढे

मुंबईत पावसाने जोर धरला की क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर आच्छादनं पडतात. नेमक्या त्याच दिवसांत आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला, बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर, 'एच' अक्षराच्या आकाराचे उंच खांब दिसू लागतात. रग्बीचा मोसम सुरू झालेला असतो. यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. या खेळात माणूस पडतोच; पाडणं हा तर अर्धा खेळ. एप्रिलमधल्या टणक जमिनीवर पडणं आणि जुलैतल्या चिखलात पडणं यांतला फरक हाडांना बरोबर कळतो. सामना सुरू होऊन पाव तास झाला की तीसही खेळाडू एकाच रंगाचे झालेले असतात. स्क्रमला आठांसमोर आठ वाकून खांदे भिडवतात, मागचे रेटतात, आणि ज्या संघाचे पाय सुटतात त्याच्या बुटांखाली हिरवळीत लांबच लांब चर पडत जातात. त्यांत लगेच पाणी साचतं. दुसऱ्या दिवशी माळी ते बुजवत बसलेला असतो. क्रिकेटवाल्या सदस्यांना हे दृश्य फारसं आवडत नसावं, असा माझा अंदाज आहे.

बीडमध्ये बसून मुंबईच्या एका जिमखान्याचं कौतुक कशाला, असं कोणी विचारेल. कौतुकापेक्षा हिशेब म्हणून मी या क्लबाकडे पाहतो. हौशी माणसांनी, पगार न घेता, एक परका खेळ महाराष्ट्रात शंभराच्या वर वर्षं टिकवला. तो टिकवताना काय साधलं आणि काय राहून गेलं, हे आपल्या जिल्ह्याने पाहून घ्यावं. उद्या हा खेळ इथे रुजवायचा झाला तर तेच कामाला येईल.

बॉम्बे जिमखाना १८७५ सालचा. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथांनी पदार्पणातच शतक ठोकलं, एवढं आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना पाठ असतं. तोवर हा क्लब गोऱ्यांचाच होता. रग्बीही गोऱ्यांची: लष्करातले अधिकारी, व्यापारी पेढ्यांतले तरुण कारकून, बंदरात आलेल्या जहाजांवरचे खलाशी.

भारतातल्या रग्बीचा पाळणा मात्र कलकत्त्यात हलला. १८७२ च्या नाताळच्या दिवशी तिथे इंग्लंडच्या वीस जणांविरुद्ध स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस, असा सामना झाला. लगेच जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. सुरुवातीला सदस्यांना दारू फुकट होती. ती बंद झाली, रग्बी खेळणारी पलटण बदलून गेली, उरलेल्यांना पोलो आणि टेनिस बरं वाटू लागलं, आणि पाच-सहा वर्षांत क्लब आटोपला. बँकेत काही पैसे शिल्लक होते. सदस्यांनी ते चांदीच्या रुपयांत काढून घेतले, २७० रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवून इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला. त्याच्या मुठींच्या जागी तीन नाग आहेत आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड हा कलकत्ता चषक खेळतात, आजही. जगातली एक जुनी आणि मानाची रग्बी झुंज भारतीय रुपयांच्या चांदीवर चालते. ज्या क्लबाच्या पैशांतून ती उभी राहिली, त्याला मात्र आपल्या हयातीत कलकत्त्यातली चार माणसं खेळाला लावता आली नाहीत. पलटण हलली की खेळ संपला, कारण भोवतालच्या वस्तीतला एकही मुलगा त्यात नव्हता.

मुंबईवाले जास्त चिवट निघाले. १९२४ पासून अखिल भारतीय स्पर्धा भरू लागली. जिमखाना, कलकत्त्याचे क्लब आणि लष्कराच्या तुकड्या एकमेकांशी खेळत राहिल्या. स्वातंत्र्यानंतर गोरे गेले तरी खांब उखडले नाहीत. त्यांच्या जागी भारतीय सदस्य उतरले: कचेरी सुटल्यावर सरावाला येणारे, सोमवारी सुजलेला डोळा घेऊन कामावर जाणारे. भारताचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट १९९८ मध्ये, आणि त्या संघात जिमखान्याचा एक खेळाडू होता राहुल बोस. हिंदी-इंग्रजी सिनेमातला तोच नट. पुढे तो देशाच्या रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला. इतक्या वर्षांत मुंबईच्या या मैदानाने खेळाला माणसं पुरवली, नियम शिकवले, स्पर्धा चालवल्या. याचं मोल मी कमी करत नाही. पण क्लबाचा सदस्य होणं हीच जिथे पहिली पायरी, तिथे खेळ कुंपणाबाहेर पडायचा कसा? सदस्यत्वाची रांग वर्षानुवर्षांची आणि शुल्क सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं.

कुंपण ओलांडलं गेलं ते १९९९ च्या सुमारास. जिमखान्यासमोर महात्मा गांधी रस्त्यावर फॅशन स्ट्रीटचा कपड्यांचा बाजार आहे. तिथल्या फुटपाथवर राहणारी मुलं सराव पाहायला जमत. जिमखान्याकडून खेळणारा मॅथ्यू स्पेसी हा इंग्रज तेव्हा कॉक्स अँड किंग्ज या प्रवास कंपनीत वरच्या हुद्द्यावर होता. त्याने त्या मुलांना आत बोलावलं. मुलं अनवाणी खेळली, आणि चांगली खेळली. ज्याला रोज रहदारीतून, हवालदाराच्या काठीपासून अंग चुकवत पळावं लागतं, त्याला बगल देणं वेगळं शिकवावं लागत नाही. यातूनच स्पेसीने 'मॅजिक बस' ही संस्था काढली. सुरुवातीला त्याने काही मुलांना नोकऱ्या लावून दिल्या. त्या टिकल्या नाहीत. नोकरीच्या आधी मुलाला वेळेवर येणं, ऐकून घेणं, हरल्यावर पुन्हा उभं राहणं यांची सवय लागावी लागते आणि ती खेळातून लागते, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे संस्था देशभर पसरली आणि तिचा भर रग्बीपलीकडे गेला. पण फुटपाथवरची मुलं मैदानात आली आणि त्यांतली काही मोठ्या संघांपर्यंत पोचली, ही जिमखान्याच्या रग्बीच्या इतिहासातली मला सगळ्यात मोठी घटना वाटते. पाऊणशे वर्षांच्या स्पर्धांनी जे झालं नव्हतं, ते फाटक उघडल्याने झालं.

त्यानंतर पुण्याने वेग घेतला, विशेषतः मुलींच्या खेळात. नेहा परदेशी, वाहबिझ भरूचा या पुण्याच्या खेळाडूंनी भारताच्या संघांचं नेतृत्व केलं. जून २०१९ मध्ये मनिलात भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. ओडिशाच्या आदिवासी मुलींनी आणि बिहारच्या खेड्यांतल्या मुलींनी तर मोठ्या शहरांचं वर्चस्व पार मोडून काढलं. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात सहा संघांची व्यावसायिक लीग झाली. परदेशी दिग्गजांबरोबर भारतीय मुलं प्रथमच पैसे घेऊन खेळली. मुंबईचा संघ होता, पण जेतेपद चेन्नईने नेलं.

ही लीग सात जणांच्या रग्बीची होती, आणि आपल्याला कामाचा प्रकार तोच. १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावच्या नेड हेग नावाच्या खाटकाने हा प्रकार काढला, कारण गावच्या क्लबाला पैसे हवे होते आणि एका दिवसात अनेक सामने उरकायचे होते. बाजूला सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, पण मैदान तेवढंच मोठं: शंभर मीटर लांब, सत्तर रुंद. सात जण एवढं मैदान झाकू शकत नाहीत. त्यामुळे दमसास असलेल्याचा हा खेळ. रिओ २०१६ पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे.

आता बीड. दमसासाचं म्हणाल तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळून दाखवली. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली. पळणं, पकडणं आणि हुलकावणी देणं या तिन्ही गोष्टी जिल्ह्याच्या अंगात आहेत. भल्या पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे आणि पोरी आठशे मीटरचा हिशेब लावत धावताना दिसतील.

पण अंगात असणं आणि रग्बी येणं यांत अंतर आहे, आणि ते कुठे आहे हे नीट पाहायला हवं. रग्बीतला टॅकल म्हणजे मल्लाचा दुहेरी पट समजा. कंबरेत वाकून आत शिरायचं, खांदा समोरच्याच्या मांडीला भिडवायचा, दोन्ही हातांनी पाय कवटाळायचे, पायांनी रेटत राहायचं. डोकं मात्र बाजूला, मांडीच्या मागे. पुढे राहिलं तर गुडघा कानशिलावर बसलाच म्हणून समजा. इथपर्यंत तालमीतल्या पोराला काही नवं नाही. नवं पुढे सुरू होतं. समोरचा जमिनीवर पडला की त्याला तिथल्या तिथे सोडायचं. ज्याला पाडलं त्यानेही चेंडू सोडायचा. न सोडल्यास दंड. कबड्डीत चढाई करणाऱ्याला पंचांची शिट्टी होईपर्यंत घट्ट धरून ठेवणं हेच सगळं. त्याच्या हाताची बोटं रेषेकडे जात असताना पकड ढिली करणारा घरी शिव्या खातो. म्हणून कबड्डीपटू रग्बीत आला की पहिले काही आठवडे दंडावर दंड ओढवून घेतो. आणि चेंडू पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा, हा नियमही सुरुवातीला असाच अंगावर येतो. मोकळा साथीदार समोर दिसतो आहे आणि त्याला चेंडू देता येत नाही. पुढे न्यायचा तर स्वतः पळत न्या, किंवा पायाने मारा.

दुसरी अडचण जमिनीची. मुंबईत एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो, जवळपास तेवढ्यावर बीडचं अख्खं वर्ष निघतं. आपल्या शाळांची मैदानं मुरमाची. पडलं की गुडघ्याची सालटी निघतात. काळ्या रानात भेगा, आणि पाऊस झालाच तर पायाला किलोभर चिखल. जिमखान्याची हिरवळ इथे येणार नाही, आणि तिच्यासाठी निधीची वाट पाहण्यात अर्थ नाही. मैदानावर आधी स्पर्शाची रग्बी खेळावी. यात पाडायचं नसतं, हात लावला की पुरे. टॅकल तालमीत शिकवावा. लाल माती चाळून, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून केलेला आखाडा हा पडायला शिकण्यासाठी कुठल्याही परदेशी गादीच्या तोडीचा आहे, आणि बऱ्याच गावांत तो आजकाल रिकामाच असतो.

तिसऱ्या अडचणीबद्दल क्रीडाक्षेत्रातली मंडळी चारचौघांत बोलत नाहीत. जिल्ह्यात नवा खेळ येतो तो पुष्कळदा प्रमाणपत्रासाठी. दहावी-बारावीत सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, आणि त्यापायी गाजलेली बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं. कागदावर संघ, कागदावर सामना, मैदानावर शेळ्या. आरक्षणाला माझा विरोध नाही. घरी दोन एकर कोरडवाहू असलेल्या मुलीने कशाच्या भरवशावर खेळावं? पण ज्या क्लबाला खेळ रुजवायचा आहे त्याने पहिली दोन-तीन वर्षं प्रमाणपत्राचं नावही काढू नये. फक्त गुरुवार-रविवार सराव लावावा आणि किती जण टिकतात ते पाहावं. जिमखान्याच्या हौशी मंडळींकडून शिकण्यासारखी हीच एक गोष्ट: कोणी काही देत नसताना ती आठवड्यामागून आठवडे चिखलात येत राहिली.

मोसमही आपला आपण ठरवावा लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि अर्धा वर्ग रिकामा होतो. बरीच मुलं आई-बापांबरोबर कारखान्यांच्या वाटेला लागतात, काही हंगामी वसतिगृहांत किंवा आजीपाशी राहतात. म्हणजे संघ बांधायचा तर जून ते सप्टेंबर, मुंबईच्याच महिन्यांत, आणि हिवाळ्यातला सराव वसतिगृहाच्या अंगणात. या मुलांना संध्याकाळी दुसरं काही नसतं आणि सात जण कुठल्याही वसतिगृहात निघतात.

राहता राहिला पंच. रग्बी पंचावाचून दहा मिनिटंही नीट चालत नाही. पाडलं कधी, सोडलं कधी, पहिला हात कोणाचा, हे क्षणात ठरवावं लागतं. कबड्डीचे असे नजरबाज पंच आपल्या अकराही तालुक्यांत आहेत. त्यांतल्या दोघांना पुण्या-मुंबईच्या क्लबांनी एक पावसाळा बोलावून घेतलं, राहण्या-जेवणाची सोय केली आणि शिट्टी हातात देऊन शाळकरी मुलांच्या सामन्यांत उभं केलं, तर बीडमधल्या पहिल्या सामन्यापुरतं भागेल.