छिद्रांची नौका

नौकेच्या तळाला छिद्र पडले, तर ती बुडावयाचीच, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु अरबी समुद्रातील मिनिकॉय बेटावरील मासेमारी नौकांच्या तळाला सुतारांनी मुद्दाम छिद्रे पाडलेली असतात. आणि त्या छिद्रांवरच मच्छीमारांची उपजीविका अवलंबून असते. हे कसे?

लक्षद्वीप बेटांपैकी मिनिकॉय हे अगदी दक्षिणेकडील बेट होय. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या ट्यूना मासे पकडत आले आहेत. कोकण किनाऱ्यावर याच कुळातील माशांना कुप्पा, गेदर अशी नावे आहेत. मिनिकॉयचे मच्छीमार मोठी जाळी न टाकता लांब काठीला बांधलेल्या गळाने हा मासा पकडतात. ट्यूना अतिशय वेगाने पोहतो. जिवंत, चमचमणारी लहान मासळी समोर दिसली, तरच त्याचा थवा नौकेभोवती घोटाळतो. म्हणून खोल समुद्रात जाण्यापूर्वी मच्छीमार बेटालगतच्या उथळ, शांत पाण्यात जाळे पसरून ही मासळी धरतात. हेच त्यांचे आमिष. तारलीची दूरची नातलग असलेली, बोटाएवढी, रुपेरी अशी ही मासळी फार नाजूक असते. हाताच्या स्पर्शानेही तिचे खवले गळून पडतात.

खरी कसोटी पुढेच असते. आमिष पहाटे धरावयाचे आणि ट्यूनाचा थवा कदाचित दुपारी भेटावयाचा! तोपर्यंत डोक्यावर ऊन तापत असते. साध्या पिंपात भरून ठेवलेली मासळी अशा वेळी तग धरणार नाही.

याचे कारण समजण्यासाठी चुलीवरील पाण्याकडे पाहावे. पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे जमू लागतात. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असल्याची ती खूण होय. पाणी जितके तापेल, तितकी त्यात हवा कमी मावते. २० अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशाला तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तर तो याहूनही कमी असतो. उलट, या लहान माशांचे शरीर पाण्याबरोबरच तापते आणि त्यांना प्राणवायू अधिक लागू लागतो. म्हणजे गरज वाढते, त्याच वेळी पुरवठा घटतो. शिवाय दाटीवाटीने ठेवलेल्या मासळीच्या उत्सर्गाने पाणी दूषित होते, ते वेगळेच.

मिनिकॉयच्या नौका बांधणाऱ्यांनी या अडचणीवर सुंदर तोड काढली. नौकेत भक्कम आडव्या फळ्यांनी एक कप्पा वेगळा केला आणि त्याच्याच तळाला छिद्रे पाडली. छिद्रांचे बूच काढले, की समुद्राचे पाणी कप्प्यात शिरते. फळ्यांमुळे ते उरलेल्या नौकेत पसरत नाही. आतील पाणी बाहेरच्या पातळीइतके चढले, की थांबते. म्हणून नौका बुडत नाही. मात्र पाणी थांबून राहिले, तर मासळीला उपयोग नाही. यासाठी पूर्वीपासून नौकेवरील माणसे साचलेले पाणी सतत उपसून टाकीत. जितके पाणी बाहेर जाई, तितके ताजे, प्राणवायूने युक्त पाणी छिद्रांतून आत येई. उपसणारे हात थकले, तरी थांबून चालत नसे. १९६० नंतर या बेटांवर यांत्रिक नौका आल्या. परंतु वाहत्या पाण्याचे तत्त्व तेच राहिले.

एवढ्यावरच काळजी संपत नाही. कप्प्यात मावेल इतकीच मासळी ठेवावी लागते. तिला शक्यतो हात लावावयाचा नाही. मेलेला मासा तत्काळ काढून टाकावयाचा. कारण तो कुजू लागला, तर इतरांचाही प्राणवायू हिरावून घेतो.

अखेर दूरवर समुद्रपक्ष्यांचा थवा घिरट्या घालताना दिसतो. त्याखाली ट्यूना असणार! नौका तिकडे वळते. एक जण कप्प्यातील जिवंत मासळी थोडी थोडी पाण्यात टाकतो. दुसरे समुद्राचे पाणी उडवितात. लहान मासळीच उसळत आहे, असे वाटून ट्यूना धावून येतात. मग चकाकणारे, आमिष न लावलेले गळ पाण्यात पडतात आणि एकामागून एक मासे नौकेत येऊ लागतात. पण कप्पा रिता झाला, की थवा निघून जातो. वाटेतच आमिष मेले असेल, तर पक्षी दिसूनही मच्छीमारांना रिकाम्या हातांनी परतावे लागते. आणि दुसऱ्या दिवशी बेटालगतच्या पाण्यातून पुन्हा तितकीच मासळी धरावी लागते. तेथील मासळीचा साठा काही अमर्याद नाही.

म्हणूनच अनुभवी मच्छीमाराची नजर क्षितिजाइतकीच त्या लहानशा कप्प्याकडेही असते. मोठा मासा मिळावयाचा, तर आधी बोटाएवढ्या माशाचा जीव जपावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.