हरिकेनच्या मागं ऑटोमॅटिक

सकाळी 6

मे महिन्यात परभणीत गॅरेजचं खरं काम सहा ते अकरा. त्यानंतर वरचा पत्रा तापतो, पाना उन्हात राहिला तर फडक्याशिवाय उचलत नाही. म्हणून आज ओझ्याची कामं आधी आणि वायरिंग दुपारी, पंख्याखाली.

रॅम्पवर अण्णांची जीप आहे. महिंद्राची जुनी पेट्रोल जीप, सीजे-3बी जातीची. तिचं बोनेट इतर जिपांपेक्षा उंच, कारण खालचं हरिकेन इंजिनच उंच. 2199 सीसी, चार सिलिंडर. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची निम्मी जुनी, निम्मी नवी रचना. ताकद 70-72 हॉर्सपॉवर, जोर 155 न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तोही दोन हजार फेऱ्यांतच मिळतो. बोरीकडच्या काळ्या रानात एवढं पुष्कळ झालं.

अण्णांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही. पोरं म्हणाली, नवी ऑटोमॅटिक घ्या. अण्णा म्हणाले, "गावाला जायला घ्या की नवी. रानात मला हीच लागते." मग मला म्हणाले, "उस्ताद, क्लचचा पायंडलच काढून टाका." पायंडल काढायला दोन मिनिटं पुरतात. त्यापुढच्या कामाचा आजचा दिवस.

मागं लावायचा गियरबॉक्स मर्सिडीजचा आहे. नव्वदच्या दशकात आलेला, पाच गियरचा, इलेक्ट्रॉनिक. भंगारात गेलेल्या गाडीचा, पुण्याहून आणलेला. हाच का, तर दोन कारणं. याची पुढची घंटा, म्हणजे बेलहाउसिंग, सुटी निघते, त्यामुळे दुसऱ्या इंजिनाला जोडायला सोपी. आणि याचा धाकटा प्रकार 330 न्यूटन-मीटरसाठी बांधलेला आहे. आपलं इंजिन त्याच्या निम्मंही देत नाही, म्हणजे बॉक्स फुटायची भीती नाही.

सकाळी 7

इंजिन आणि बॉक्स यांच्यामधली ॲल्युमिनियमची जाड प्लेट एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं केलीय. भोकं जुळतात, बोल्ट सरळ जातात. आमचं पोरगं खूश, "भाऊ, बसवून टाकू." पण भोकं जुळली म्हणजे केंद्र जुळलं असं नसतं. साध्या क्लचच्या गाडीत थोडंफार खपून जातं. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी कन्व्हर्टर असतो; त्याचं नाक क्रँकमध्ये आणि मान बॉक्सच्या पंपात असते. दोन्हींच्या केंद्रात फरक राहिला, तर काही महिन्यांत पंपाचा बुश आणि सील जातं आणि दोष बॉक्सवर येतो.

क्रँकच्या तोंडावर डायल लावला, टोक प्लेटच्या मोठ्या भोकाच्या कडेला टेकवलं आणि पुढून इंजिन हातानं एक पूर्ण फेरा फिरवलं. काटा बारा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हलला. म्हणजे केंद्र सहा थाऊ सरकलंय. मी पाच थाऊच्या वर काटा हलू देत नाही.

लेथवाल्याला फोन केला. चिडला, पण आला. त्यानं दोन एक्सेंट्रिक पिना करून आणल्या, फिरवल्या की प्लेट केसभर इकडंतिकडं सरकते. पिन थोडी फिरवायची, बोल्ट कसायचे, डायल बघायचा, पुन्हा ढिलं करायचं. काटा चारवर थांबला तेव्हा पावणेनऊ झाले होते. या पावणेदोन तासांत बघणाऱ्याला काहीच झालेलं दिसलं नसतं. पण या कामात लोखंडाची बाजू कुठं टिकते आणि कुठं मोडते, ते याच वेळेत ठरतं.

सकाळी 9

कन्व्हर्टर बॉक्समध्ये घालायचा. जड असतो, तेल भरलेला असला तर आणखी. बॉक्सच्या शाफ्टवर सरकवला की आधी एका दात्यावर बसतो आणि वाटतं, झालं. हलक्या हातानं डोलवत, फिरवत राहिलं की टक करून आत जातो. मग पुन्हा एकदा. शेवटचा टक पंपाच्या खाचेचा. तो आला नाही आणि तसाच बॉक्स इंजिनाला बोल्टांनी ओढून घेतला, तर चावी फिरवायच्या आधीच पंप तुटतो. भंगारातले कितीतरी बॉक्स असेच मेलेले असतात.

पट्टी लावून खोली मोजली. नंतर चैनकप्पीनं बॉक्स उचलून इंजिनाला टेकवला. पोरग्याला एकच नियम सांगितला, घंटा आणि प्लेट हातानं ढकलून भिडली पाहिजे, बोल्टानं ओढायची नाही. भिडल्यावर कन्व्हर्टर आत हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि पुढं क्रँकला लावलेल्या फ्लेक्स प्लेटपासून तीनेक मिलिमीटर सुटा राहिला पाहिजे. तेवढं अंतर मग कन्व्हर्टर पुढं ओढून बोल्टांनी संपवायचं. पोरग्यानं आरशात बघून सांगितलं, "फिरतोय, भाऊ." तेव्हाच पाना हातात दिला.

मूळ जिपेत पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा ट्रान्सफर बॉक्स तीन गियरच्या गियरबॉक्सला चिकटूनच असतो. तो या नव्या बॉक्सला बसत नाही, म्हणून फोर-व्हील गेली. मागचा ॲक्सलही बदलावा लागला, कारण जिपेचं मूळ डिफरन्शियल उजवीकडं सरकलेलं आणि आपला बॉक्स मधोमध. प्रोपेलर शाफ्ट हातभरच उरला. अण्णांना हे आधीच सांगितलं होतं. थोडी भरपाई अशी, की जुन्या बॉक्सचा पहिला गियर 2.80 चा होता, याचा 3.93 चा आहे. चढाला, चिखलाला ते बरं पडेल.

सकाळी 11

चहा. या वेळेला वसमत रोडवरून जाणारा येणारा प्रत्येक जण आत डोकावतो. एकानं विचारलं, ॲव्हरेज किती देईल? एकानं विचारलं, एवढ्यात नवी आली नसती का? दुसऱ्याचं बरोबर आहे. यात पैशाचा हिशेब लागत नाही, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच सांगतो.

अमेरिकेत हा उद्योग जुना आहे. 1932 साली फोर्डनं स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन दिलं, आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या गाड्यांचे मडगार्ड, टप काढून त्या पळवायला सुरुवात केली. त्याच हॉट रॉड. 1940 च्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रामॅटिक आला, मोठ्या संख्येनं बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक. तोही पुढं अशा गाड्यांत बसू लागला. त्या काळच्या बॉक्सचं डोकं तेलाच्या दाबावर चालायचं. गाडीचा वेग फिरत्या वजनांवरून कळायचा आणि पायंडलची खबर एका तारेनं किंवा सळईनं जायची. 1990 नंतर जनरल मोटर्सच्या मोठ्या बॉक्सांतही कॉम्प्युटर शिरला, आणि तिकडच्या मिस्त्र्यांपुढं तोच प्रश्न आला जो आज माझ्यापुढं आहे. नवा बॉक्स सगळं विचारून करतो आणि जुन्या इंजिनाला काही सांगता येत नाही.

दुपारी 12

तेल भरलं. या बॉक्सला तेलाची नळी आहे, वर टोपण आहे, आत मोजपट्टी मात्र नाही. कंपनीची पट्टी वर्कशॉपमध्येच असायची, मालकाच्या हातात ती द्यायचीच नाही असा त्यांचा विचार. बाजारात मिळणारी पट्टी आणलीय. खरी पातळी तेल 80 अंशांवर गेल्यावर बघायची, म्हणून आत्ता अंदाजे. रेडिएटरच्या पुढं तेलाचा वेगळा कूलर लावला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो मी ऐच्छिक धरत नाही.

दुपारी 1 ते 5

भाचा आला. त्याचं आयटीआय झालंय, आणि गाडीचं नाव निघण्याआधी त्याचा लॅपटॉप निघतो. या बॉक्ससाठी सुटा कंट्रोलर मिळतो. आत सहा विजेचे व्हॉल्व्ह आहेत, कोणता कधी उघडायचा ते हा डबा ठरवतो. त्यासाठी त्याला चार गोष्टी सतत कळायला हव्यात: इंजिन किती फिरतंय, गाडी किती पळतेय, लिव्हर कुठं आहे आणि इंजिनावर भार किती आहे.

पहिली सोपी. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा ठिणगी टाकतं, कॉइलच्या वायरीवरून तेवढे ठोके मोजले की झालं. फक्त जुना डायनॅमो काढून आल्टरनेटर लावावा लागला. डायनॅमोचा करंट आयडलला झोपतो, आणि व्होल्टेज पडलं की कंट्रोलर रुसतो.

दुसरीत गंमत आहे. मर्सिडीजमध्ये गाडीचा वेग या बॉक्सला एबीएसकडून मिळायचा. बॉक्सच्या आत दोन वेगमापक आहेत, पण ते आतल्या भागांचे. बाहेरच्या शाफ्टचा एकही नाही. जिपेत कसलं एबीएस! म्हणून शाफ्टच्या फ्लँजवर दात्यांची रिंग बसवली आणि तिच्यासमोर सेन्सर.

लाईट गेली. पंखा बंद. लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहिलं, आमची बॅटरी मात्र उतरली.

भाचा म्हणाला, "मामा, तेलाचं तापमान येईना. सेन्सर गेलाय." मी म्हटलं, लिव्हर पार्कमधून काढ. काढल्याबरोबर आकडा आला. या बॉक्समध्ये तापमानाचा सेन्सर आणि पार्क-न्यूट्रलचा स्विच एकाच तारेवर आहेत. गाडी पार्कमध्ये किंवा न्यूट्रलला असली की तापमान दिसतच नाही. हे माहीत नसल्यामुळं लोक चांगली सर्किट प्लेट फेकून देतात.

भाराची खबर सगळ्यात अवघड. बरेच जण कार्बोरेटरच्या दांडीवर सेन्सर लावून मोकळे होतात, पायंडल किती दाबला तेवढा भार. नव्या गाडीत ठीक. पण या इंजिनाचा श्वास लहान आहे. हजार-बाराशे फेऱ्यांवर कार्बोरेटरचं फुलपाखरू, म्हणजे हवेचं झाकण, थोडंसं उघडलं तरी इंजिन जवळजवळ पूर्ण जोर देऊन मोकळं होतं. सेन्सर म्हणतो पाव भार, प्रत्यक्षात जवळपास पूर्ण. त्या बातमीवर कंट्रोलर आतल्या क्लचांना कमी दाब देणार, क्लच घसरणार, तेल करपणार. उलट भार जास्त सांगितला तर दर गियरला मागून लाथ बसल्यासारखा धक्का.

म्हणून व्हॅक्युम मोजायचं. हरिकेनला सुटा इनटेक मॅनिफोल्ड नाही, तो हेडमध्येच ओतलेला आहे. नळी कुठं टोचायची? कार्बोरेटरच्या खाली अर्ध्या इंचाची पट्टी घालून तिच्यात भोक पाडलं आणि तिथून नळी सेन्सरपर्यंत नेली. आता इंजिन आत किती ओढतंय ते डब्याला थेट दिसतं. खालून वर येईपर्यंत हेडचा एक बोल्ट लागला, हाताच्या पाठीवर फोड आला.

भाच्यानं गियर बदलण्याचे आकडेही पुन्हा लिहिले. मूळ तक्त्यात पूर्ण पायंडलला गियर साडेपाच हजारांच्या पुढं बदलतो. आपलं इंजिन चार हजारांत संपतं. तो तक्ता तसाच ठेवला असता, तर अण्णा पायंडल दाबून पहिल्याच गियरमध्ये ओरडत राहिले असते. आता बत्तीसशेला बदलेल.

संध्याकाळी 6

मागची चाकं घोडीवर उचलून चालू केली. रिव्हर्स पडला, ड्राइव्ह पडला, पहिला, दुसरा... आणि दुसऱ्यातच अडकली. बंद करून पुन्हा चालू केली, तरी दुसराच. घाबरायचं कारण नाही. हिशेब जुळला नाही की हा बॉक्स स्वतःला वाचवायला दुसऱ्या गियरमध्ये जाऊन बसतो. भाच्यानं रिंगेचे दाते मोजले, लॅपटॉपमध्ये निम्मेच लिहिलेले होते. डब्याला गाडी दुप्पट वेगानं पळतेय असं वाटत होतं. आकडा सुधारला, तिसरा पडला, चौथा, पाचवा. पाचव्यात इंजिनाच्या त्र्याऐंशी फेऱ्यांत शाफ्टच्या शंभर होतात असं समजा.

मग गॅरेजमागच्या मोकळ्या प्लॉटवर. घोडीवर भार नसतो, खरं काय ते जमिनीवरच कळतं. अण्णा शेजारी बसले, काठी दोन पायांत. पहिल्या-दुसऱ्याला जरा जोरात बसत होतं, भाच्यानं मागं बसून दाब थोडा उतरवला. चौथ्या चकरेला अण्णांनी विचारलं, "बदलला का?" बदलला होता. तेल 80 वर गेलं, पातळी बघितली, अर्धा लिटर घातलं.

संध्याकाळी 7:30

आता कागद. जीप एमएच-22 नंबरची आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानं गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यानं नोंदणीतली माहिती कंपनीनं मुळात ठरवलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठणकावून सांगितलंय. जुलै 2021 पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, व्हीए अक्षरांची पाटी मिळते. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, आणि तीही प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर येते. आपण तर मूळ रूपच बदललं. हे अण्णांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "बांधाच्या बाहेर जाणार नाही." मूळ गियरबॉक्स, ट्रान्सफर बॉक्स आणि ॲक्सल ग्रीस लावून, पोत्यात बांधून त्यांच्या हवाली केले. ब्लॉकला कुठं भोक पाडलेलं नाही, उद्या नातवाला जीप पुन्हा होती तशी करता येईल.

जीप टेम्पोत चढवली, अण्णा पुढं ड्रायव्हरजवळ बसले.

कुणाला आपल्या जुन्या जिपेत असं काही करायचं असेल तर खुशाल या, पण आधी आरटीओत जाऊन कागदाचं विचारून या. तुमच्या रानात चालवायची की रस्त्यावर, ते ठरल्याशिवाय मी गाडीखाली जॅक लावत नाही.