हिटसिंकची खुंटी तुटली म्हणून बोर्ड बदलू नका

बिले करता करता दुकानातला कॉम्प्युटर आपोआप बंद पडत असेल, तर प्लग काढून पेटी उघडावी व पंख्याखालचा हिटसिंक हलतो का ते पाहावे. एएमडीच्या एएम फोर बोर्डावर त्याची क्लिप प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांच्या खुंट्यांना अडकते. खुंटी तुटली की प्रोसेसर तापतो. कारागीर म्हणतो "बोर्ड गेला", आणि आपले व्यापारी बंधू निमूट पैसे मोजतात! वास्तविक त्या पट्ट्या चार स्क्रूंवर बसवलेल्या असतात व सुट्या मिळतात. फेविक्विकच्या भानगडीत पडू नये. क्लिपच्या ताणापुढे ते टिकत नाही. हिटसिंक सरळ ओढू नका, हलके फिरवून सोडवा. नाहीतर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो, पिना वाकतात, आणि मग खरोखरच मोठा खर्च. स्क्रू काढताना बोर्डामागचा पत्रा हाताने धरावा. जुनी पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी पुरे.