मुक्ताच्या हाती गाईड नव्हते

विहारातल्या अभ्यासिकेत आम्ही मुलांच्या निबंधाच्या वह्या चाळतो, तेव्हा 'पावसाळ्यातील एक दिवस' सगळ्यांचा एकसारखाच निघतो. गाईडातला पाऊस! तिथे मोर नाचतो, शेतकरी सुखावतो. गळक्या पत्र्याखाली रात्रभर पातेली मांडणारी आई मात्र एकाही वहीत सापडत नाही. दोष मुलांचा नाही. तसे लिहिले की मार्क मिळतात, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

म्हणून मुक्ता साळवेची आठवण काढावीशी वाटते. जोतीराव आणि सावित्रीमाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मातंग समाजातली ही १४ वर्षांची पोर. शाळेत येऊन जेमतेम ३ वर्षे झालेली. १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. काय लिहिले तिने? वेद ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्म कोणता, असे थेट देवालाच विचारले. इमारतींच्या पायात आपली माणसे पुरली जात, ते लिहिले. आणि डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल लिहिले. हे घोकंपट्टीने येत नाही.

सावित्रीमाई १८४८ पासून मुलींना शिकवत होत्या. वाटेत लोक शेण मारत, दगड मारत, म्हणून जादा लुगडे जवळ ठेवत. हे आपण जयंतीच्या भाषणात दरवर्षी सांगतो. पण त्या स्वतः लिहीत होत्या, हे सांगायचे राहून जाते. मुक्ताचा निबंध छापला गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ साली, सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह निघाला होता. शिकवणारी बाई स्वतः लेखणी घेऊन बसते, शिव्या खाऊनही दुसऱ्या दिवशी वर्गात हजर होते, तेव्हा समोरच्या पोरीला वाटू लागते की माझेही म्हणणे लिहिण्याजोगे आहे. शिक्षकाची तळमळ आम्ही हिलाच म्हणतो. छडीला नाही, आणि फळ्यावरच्या सुबक अक्षरालाही नाही.

३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, निबंध स्पर्धा ठेवणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे. 'सावित्रीबाईंचे कार्य' हा विषय यंदा देऊ नका, तो मुलांना पाठ असतो. 'आमच्या नळावरची रांग' द्या, 'आई कामाला जाते ते घर' द्या. शुद्धलेखनाचे मार्क कापू नका. आणि अभ्यासिकेत शिकवणाऱ्या दादा-ताईंनीही त्याच विषयावर, मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसून, आपला एक निबंध लिहावा.